नाना वैद्यांची धास्ती

नाना वैद्यांइतका भित्रा माणूस मी आयुष्यात पाहिला नाही, आणि शाळेत पस्तीस वर्षं काढल्यामुळे मी काही थोडकी माणसं पाहिलेली नाहीत. पालीला भिणारे असतात, साहेबाला भिणारे असतात, बायकोला भिणारे तर घरोघर असतात. नाना स्वतःच्याच औषधाला भ्यायचे.

त्यांची आठवण निघाली नातीमुळे. तिच्या कोपरांवर आणि डोक्यात सोरायसिसचे चट्टे उठलेत. डॉक्टरीणबाई तिला समजावत होत्या, की रोग दिसतो कातडीवर, पण त्याची सूत्रं आतड्यातूनही हलत असावीत, म्हणून आता आतड्यात जाऊन तिथंच काम करतील अशा गोळ्यांवर संशोधन चाललंय. नात मान डोलवत होती. मी मात्र खुर्चीत सावरून बसले. जवळजवळ हेच मी धुळ्याला देवपुरात ऐकलं होतं, आणि सांगणाऱ्याचा सदरा तेव्हा घामानं पाठीला चिकटला होता.

अडुसष्ट साली मला देवपुरातल्या शाळेत नोकरी लागली आणि मी नानांच्या माडीवरची खोली भाड्यानं घेतली. खाली ओसरीवर नानांचा दवाखाना, मागे नाना आणि त्यांच्या पत्नी राहायचे. पत्नीला सगळं देवपूर अक्का म्हणायचं. नाना उंच, वाळके, पंचावन्नच्या घरातले. धोतर, बंद गळ्याचा कोट, आणि कोटाच्या खिशात कायम भाजलेले फुटाणे. भीतीनं बाकीच्यांची भूक मरते, नानांची वाढायची. कठीण रोगी आला की त्यांचा हात आपोआप खिशात जायचा. अक्का आतून नुसत्या कुडूम कुडूम आवाजावरून ओळखायच्या, की आज कुणीतरी भारी दुखणं घेऊन आलंय.

खरूज, नायटा, इसब, अंगावरून खवले पडणं, अशी सगळी माणसं नानांकडे यायची. पण माणूस बाही वर करून चट्टा दाखवायला लागला की नाना मान फिरवायचे. "ते झाका. जीभ काढा." मग जीभ, मग डोळे, मग पोट दाबून बघणं, आणि मग सकाळच्या शौचाची सविस्तर चौकशी. रंग कसा, किती वेळा, चिकट की कसं. हे सगळं ते खड्या आवाजात विचारायचे, कारण त्यांना एका कानानं कमी ऐकू यायचं आणि सगळ्या जगालाच कमी ऐकू येतं अशी त्यांची समजूत होती. रस्त्यावरून जाणाऱ्यालासुद्धा कळायचं कुणाचं पोट कसं आहे ते. मी शाळेतून येताना ओसरीवर गर्दी दिसली तर मागच्या दारानं आत जायची.

"भिंतीला ओल आली की लोक चुना फासतात," ते म्हणायचे. "अरे, नळ आत फुटलाय. चुना किती फासाल?" कातडीला लावायला ते जवळजवळ काही देतच नसत. फार खाज असली तर खोबरेल. बाकी सगळं तोंडावाटे, आणि त्याहून जास्त म्हणजे तोंडावाटे काय जाऊ द्यायचं नाही ते.

या न खाण्याच्या यादीपायी त्यांनी अर्ध्या खानदेशाचे शिव्याशाप घेतले. वांगं बंद, मिरची बंद, शेंगदाणे बंद. खानदेशी माणसाच्या ताटातून एवढं उचललं तर खाली फक्त ताट उरतं. शिरपूरकडचा एक शेतकरी तर भांडायलाच उठला होता.

"मंग खावानं काय नाना, माटी?"

"मूग खा."

"मूग तं आजारी मानूस खास!"

"मग तू काय पहिलवान म्हणून आलायस का इथं?"

दोन महिन्यांनी तो परत आला. अंग स्वच्छ, पण चेहरा सुतकी. "अंग बठ्ठं चांगलं शे नाना, पन जीव लागत नही," म्हणाला. नाना लगेच घाबरले. माणूस खंगला तर? त्यांनी त्याला महिन्यातून एकदा, पौर्णिमेला, भरीत खायची परवानगी दिली. आणि त्यानंतर कितीतरी पौर्णिमांना मी नानांना ओसरीवर अस्वस्थ फेऱ्या घालताना पाहिलं. तिकडे तो मजेत भाकरीवर भरीत ओरपत असणार, इकडे ह्यांचे फुटाणे संपलेले.

जुलाबाच्या गोळ्यांची तर वेगळीच तऱ्हा. त्या नाना स्वतः कुटून, घोटून, वळायचे. नवा घाणा झाला की पहिली गोळी स्वतः घ्यायचे. त्या दिवशी दवाखान्याच्या दाराला पाटी लागायची, "आज वैद्य आजारी आहेत." गावातली टारगट मंडळी ती पाटी वाचून दारातच हसत उभी राहायची. मीही हसायची, खोटं कशाला बोलू? अक्कांना एकदा विचारलं, "तुम्ही त्यांना अडवत कसं नाही?" त्या म्हणाल्या, "अडवून पाहिलं. मग त्या गोळ्या कुणालाच देत नाहीत. पुरून टाकतात परसात. आमच्या लिंबाला दरसाल एवढी लिंबं कशानं येतात, तुला काय वाटलं?"

ही भीती कुठून आली ते मला पुढे कळलं. नाना उमेदीत असताना पिंपळनेरला बसायचे. तिथं एका डोंगराकडच्या वस्तीवरचा माणूस बायकोला घेऊन आला. तिचं सगळं अंग फुटलेलं. नानांनी तिला जुलाब दिला आणि दिवसभर काय करायचं, काय प्यायचं ते सांगून घरी पाठवलं. ती दुसऱ्या दिवशी दुपारी गेली. जुलाब थांबलेच नाहीत. नाना सायकलवरून पोचले तेव्हा लोक बाहेर बसले होते. त्या नवऱ्यानं उठून नानांना पाणी दिलं आणि म्हणाला, "तुम्हनं काही चुकनं नही, वैद्यबाबा. तिन्हं नशीबच खोटं व्हतं."

"तिथं कुणी मला दोन थोबाडीत दिल्या असत्या ना बाई, तर मी सुटलो असतो," नाना मला म्हणाले. "त्यानं पाणी दिलं."

हे त्यांनी मला सांगितलं ते विमलच्या दुखण्यात. आता तिच्याबद्दल सांगायला हवं.

विमल ही पाचव्या गल्लीतल्या एका मारवाडी जैन कापड दुकानदाराची मुलगी. आम्ही सगळे तिच्या वडिलांना शेठ म्हणायचो. तिला जळगावला दिलेली. बाळंतपणानंतर तिच्या अंगावर चट्टे उठले. आधी कोपर, मग गुडघे, पाठ, कपाळाची कड. अंथरुणात सकाळी कोंडा पडलेला असायचा. जळगावात एका डॉक्टरांनी पांढऱ्या गोळ्या दिल्या, महिन्यात अंग लखलखीत झालं. गोळ्या थांबल्या आणि सगळं दुपटीनं उसळून आलं. मग सासूबाईंच्या मनात नको ती शंका शिरली. त्या काळी असं अंग दिसलं की पहिला संशय महारोगाचाच. त्यांनी राजूला, दहा महिन्यांच्या पोराला, तिच्या मांडीवरून उचलून घेतलं आणि तिला माहेरी पाठवलं. "अंग बरं झालं की ये," एवढंच सांगितलं. शेठ तिला नानांकडे घेऊन आले तेव्हा या गोष्टीला अकरा महिने झाले होते. अकरा महिन्यांत तिला पोर एकदाही दाखवलेलं नव्हतं.

ती बावीस-तेवीस वर्षांची असेल. कडक उन्हाळ्यातही पदर दोन्ही हातांभोवती गुंडाळून बसायची. नानांनी जीभ काढायला सांगितली. तिनं काढली, आत घेतली आणि विचारलं, "किती दिवस लागतील?"

"ते जिभेवर लिहिलेलं नसतं."

"मग कशावर असतं?"

नानांनी जीभ सोडून पहिल्यांदाच तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. रोगी सहसा त्यांना उलट बोलत नसत. त्यांनी सांगितलं, की हा रोग पोटात मुरलेला आहे, तो पोटातूनच काढायचा, पण मुळासकट निघेलच असं नाही. दबेल. कदाचित पुष्कळ दबेल. शेठचा चेहरा उतरला, पण ती म्हणाली, "दबला तरी चालेल." त्या वेळी मला वाटलं, किती समजूतदार मुलगी!

नाना बायकांना तपासायला कुणाच्या घरात एकटे जात नसत. अक्कांचे गुडघे धरलेले, म्हणून मला बरोबर घ्यायचे. माझी शाळा दुपारची, तेव्हा सकाळी आम्ही पांझरा नदीचा पूल ओलांडून पाचव्या गल्लीत जायचो. नाना वाटेत बोलत नसत. फक्त खिशातून कुडूम कुडूम.

उपचार असा होता. आधी सात दिवस कडू तूप प्यायचं, रोज थोडं वाढवत. त्यावर फक्त गरम पाणी. पोटात साठलेलं सुटून यावं म्हणून. मग एक दिवस जुलाब. आणि त्यानंतर सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे आठवडाभर पेज. आधी नुसतं भाताचं पाणी, मग पातळ पेज, मग दाट, मग मूग. "जुलाबानंतर पोट म्हणजे नुकती पेटवलेली चूल," नाना बजावायचे. "एकदम लाकडं घातली तरी विझते, आणि काहीच घातलं नाही तरी विझते."

नानांना हे सगळं दसऱ्याच्या सुमारास करायचं होतं. पावसाळी हवेत जुलाब द्यायला ते तयार नव्हते. विमल मात्र हटून बसली. "आत्ताच द्या नाना. पुढं माझा धीर सुटेल." रोज तेच. शेवटी निम्मा श्रावण सरल्यावर नाना वितळले. तिनं ते कडू जहर तूप सात दिवस इतक्या निमूटपणे प्यायलं की मला बघवेना. आठव्या दिवशी गोळी. नाना शेठच्या ओसरीवर चिंचोके घेऊन बसले होते. ती आतून जाऊन आली की मी सांगायची आणि ते एक चिंचोका इकडून तिकडे ठेवायचे. अठरा चिंचोके झाले आणि जुलाब आपोआप थांबले. नानांनी कोटाच्या बाहीनं तोंड पुसलं. घरी येताना पुलावर चक्क शीळ घातली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पेज कशी करायची ते सांगायला गेलो, तर शेठच्या घरात बायकांची गर्दी. विमल पांढरी साडी नेसून भिंतीला टेकून बसलेली. जैनांचं पर्युषण सुरू झालं होतं. ती पहाटेच उठून स्थानकात, म्हणजे त्यांच्या प्रार्थनागृहात, गेली होती आणि तिथल्या साध्वींसमोर, महासतीजींसमोर, उपवासाची शपथ घेऊन आली होती. शेठ अभिमानानं म्हणाले, "अठ्ठाई करतेय नाना. आठ दिवस. पोट तर तुम्ही साफ करूनच दिलंत."

आठ दिवस अन्नाचा कण नाही. उकळून गार केलेलं पाणी, तेही सूर्य उगवल्यावर आणि मावळायच्या आत. जैनांच्या घरात हे मोठ्या मानाचं तप आणि मीही त्याआधी कौतुकानं पाहिलेलं. पण काल अठरा वेळा जाऊन आलेल्या बाईनं!

नाना दारातच खाली बसले. "मोडा," म्हणाले. "आत्ता मोडा. शेठ, पाया पडतो तुमच्या."

"पच्चक्खाण घेतलंय नाना. शपथ आहे ती. असं कसं मोडता येईल?"

नानांनी बायकांना आणि शेठनाही बाहेर जायला सांगितलं. मला मात्र थांबवून घेतलं. मग पिंपळनेरची ती गोष्ट त्यांनी आम्हा दोघींसमोर सांगितली, एक शब्द न गाळता. मला वाटलं, आता ही घाबरेल. ती खाली मान घालून ऐकत होती. गोष्ट संपल्यावर तिनं हळूच दार लोटलं.

"नाना, सुनेनं अठ्ठाई केली तर पारण्याला सासरचे येतातच. न येऊन चालत नाही. सगळा समाज विचारतो. माझे सासरे जळगावच्या स्थानकात पुढं बसतात. त्यांना यावंच लागेल, आणि राजूला घरी ठेवून आले तर लोक विचारतील, नातू कुठंय?"

"म्हणून माझ्या मागं लागली होतीस? आत्ताच द्या, आत्ताच द्या?"

"ते येतील तेव्हा अंग थोडं तरी निवळलेलं दिसायला हवं, म्हणून पर्युषणाच्या आत जुलाब उरकायला हवा होता. दसऱ्यापर्यंत थांबले असते तर पुन्हा एक वर्ष. आणि अंग बरं होऊन मग पोराला बघायचं म्हटलं, तर तुम्हीच सांगितलंत ना, मुळातून जाणार नाही म्हणून?"

मला तिचा राग आला. म्हाताऱ्याला फसवलं हिनं. आणि त्याच वेळी मनात आलं, की तिच्या जागी मी असते तर मला एवढं सुचलं असतं का.

"बापाला सांगू नका," ती म्हणाली. "त्यांना खरंच वाटतंय मी देवासाठी करतेय. थोडं देवासाठीपण आहे."

त्यानंतरचे दिवस मी विसरू म्हटलं तरी विसरणार नाही. नाना सकाळी जायचे ते सूर्य मावळल्यावरच परतायचे. दवाखान्याला कुलूप. शेठच्या ओसरीवर बसून राहायचे आणि तासातासाला आत निरोप पाठवून तिला पाणी प्यायला लावायचे. एक पेला, अर्धा पेला, मोजून. उपवासाच्या घरात फुटाणे कसे खाणार? मग बोळात जाऊन खाऊन यायचे. अक्कांचा चिवड्याचा डबा चार दिवसांत रिकामा झाला. तिसऱ्या दिवशी विमलचे ओठ फाटले. चौथ्या दिवशी तिचा आवाज बसला. गंमत अशी, की अंगावरचे खवले पातळ होत चालले होते, लाली फिकी पडत होती. बायका म्हणायच्या, तपाचा प्रभाव. नाना तिकडे बघतही नव्हते. त्यांचं बोट तिच्या मनगटावर आणि डोळे मिटलेले.

सहाव्या दिवशी दुपारी मी शाळा बुडवली. माडीवरून उतरताना विमल तिसऱ्या पायरीवर कोसळली. आम्ही तिला खाली निजवलं. नानांनी नाडी धरली, सोडली, दुसऱ्या हाताची धरली. "सापडत नाही," ते मला म्हणाले, अगदी हलक्या आवाजात. तेवढं हळू बोलताना मी त्यांना पहिल्यांदाच ऐकलं. शेठ रडत होते, "काय वाटेल ते करा नाना, काय वाटेल ते द्या."

तिच्या पाण्याची घागर शेजारी होती. नाना उठून स्वयंपाकघरात गेले आणि मूठ मिटून परत आले. मुठीत मीठ होतं, मला दिसलं. घागरीत चिमूटभर मीठ पडलं असतं तर तिला अंगात ताकद आली असती आणि कुणाला कळलंही नसतं. पण उपवास मोडला असता. नाना घागरीवर हात धरून उभे राहिले. किती वेळ, सांगता येणार नाही. मग ते अंगणात गेले आणि हात झटकू लागले. मीठ घामानं तळव्याला चिकटलं होतं, सुटत नव्हतं. परत येऊन त्यांनी तिचे पाय उशांवर उंच केले, तोंडावर पाणी मारलं, नुसतं पाणी चमचा चमचा तिच्या ओठांत सोडलं. तिनं डोळे उघडले तेव्हा पहिलं वाक्य ती बोलली ते असं, "काही घातलं नाहीत ना?"

"नाही," नाना म्हणाले. "माझी छाती झाली नाही."

नवव्या दिवशी सकाळी पारणं. जळगावची मंडळी आदल्या दिवशीच आली होती. सासू, सासरे, विमलचा नवरा, दोन मोटारी भरून पाहुणे, आणि सासूच्या कडेवर जरीची टोपी घातलेला राजू. त्यानं आईकडे पाहिलं आणि तोंड फिरवलं. कोण ही बाई, त्याला काय माहीत? विमल पाटावर बसली होती. तिनं हात पुढं केला नाही. फक्त बघत होती.

पारण्याची रीत अशी, की प्रत्येक नातेवाईक येऊन तप करणाऱ्याला एक एक चमचा भरवतो. कुणी मुगाचं पाणी, कुणी राब म्हणजे पिठाची पातळ कांजी, कुणी शिरा. नानांना हे आदल्या संध्याकाळीच कळलं होतं. नऊ दिवसांच्या रिकाम्या पोटात चाळीस माणसांचे चाळीस चमचे! ते एवढ्या मोठ्या लोकांसमोर कधी ब्रही काढत नसत. पण सासरे पहिला चमचा उचलणार तोच नाना मधे जाऊन उभे राहिले. एक हात फुटाण्यांच्या खिशात होता.

"एक चमचा," ते ओरडले. "मुगाचं पाणी, आणि तेही एकच. दुसरा तासाभरानं, मी देईन. बाकी कुणी भरवलं तर हिच्या जिवाला मी जबाबदार नाही."

कुणीतरी चिडून म्हणालं, "मग तो एक चमचा कुणी द्यायचा?"

नानांनी इकडे तिकडे पाहिलं आणि सासूबाईंपुढे वाटी धरली. "तुम्ही द्या."

सासूबाई एक पाऊल मागं सरल्या. एवढ्या लोकांसमोर नाही कसं म्हणणार? त्यांनी राजूला खाली ठेवलं, चमचा उचलला. हात एवढा थरथरत होता की अर्धं पाणी विमलच्या हनुवटीवर सांडलं. सासूबाईंनी स्वतःच्या नकळत पदरानं ते पुसलं. पुसलं आणि मग आपण काय केलं ते त्यांच्या लक्षात आलं. त्या तशाच बसून राहिल्या. विमलच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, तेही त्यांनी त्याच पदरानं पुसलं. राजू आजीच्या पाठीला धरून उभा होता. आजी तिथं बसलीय म्हटल्यावर तोही तिच्याजवळ बसला, विमलच्या पाटाला पाय लावून.

मी नानांना नंतर विचारलं, तुम्ही सासूलाच कसं निवडलंत? ते म्हणाले, "त्या गर्दीत माझ्याइतकं भ्यालेलं माणूस ती एकटीच होती."

नानांनी तिला आठवडाभर पेजेवर ठेवूनच सोडलं. तोवर नवरा धुळ्यातच राहिला, आणि सासू-राजूसुद्धा, कारण समाजासमोर आता तिला न घेता परत कसं जायचं? मग एका सकाळी आम्ही त्यांना एसटी स्टँडवर पोचवायला गेलो. विमल खिडकीशी बसली होती. पदर हाताभोवती गुंडाळलेला नव्हता. कोपरावर जुन्या जखमेसारखा फिकट डाग तेवढा दिसत होता. राजू आजी आणि तिच्या मधे बसून दोघींकडे आळीपाळीनं बघत होता.

नाना खिडकीखाली उभे होते. काहीतरी सांगायचं होतं आणि सांगवत नव्हतं, हे मला दिसत होतं. शेवटी त्यांनी खिडकीची दांडी धरली. "पोरी, परत येईल हं ते," म्हणाले. "मी खोटं सांगणार नाही. वर्षानं येईल, दोन वर्षांनी येईल. पण येईल."

विमलनं राजूच्या टोपीची सुटलेली नाडी बांधली.

"येऊ द्या नाना," ती म्हणाली. "तोवर हा मला ओळखायला लागला असेल."

कंडक्टरनं घंटी दिली. गाडी पारोळ्याच्या रस्त्याला वळायला लागली आणि नानांना एकाएकी काय आठवलं कुणास ठाऊक, ते धोतर सावरत गाडीमागं पळत सुटले. पंचावन्न वर्षांचा तो माणूस, एका हातानं टोपी धरलेली, स्टँडभर ऐकू जाईल अशा आवाजात ओरडत होता, "विमल! रात्री दही खायचं नाही! ऐकतेस ना? रात्री दही अजिबात नाही!"

जैनाघरची ती मुलगी जन्मात कधी सूर्यास्तानंतर जेवली नव्हती. खिडकीतून तिनं हात बाहेर काढला आणि जोरजोरात हलवून सांगितलं, नाही खाणार, नाही खाणार. स्टँडवरची माणसं हसत होती. नाना धुळीत धापा टाकत उभे होते आणि गाडी दिसेनाशी झाली तरी मान हलवत होते.